ट्रॉलीला मागून धडक, मित्र गेला आणि गुन्हा भावावरच: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. कऱ्हाड तालुक्यातल्या एका ताईंचा धाकटा भाऊ, वय २९, सीएनसी ऑपरेटर. ९ डिसेंबरच्या रात्री तो तासवडे एमआयडीसीतून मोटारसायकलवर घरी निघाला होता, मागे मित्र बसला होता. उंब्रजच्या अलीकडे सर्व्हिस रोडवर पंक्चर होऊन उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला गाडी मागून धडकली. मित्र जागीच गेला. त्याच्या मागे बायको, दोन मुलं आणि आई आहे. भावाच्या मांडीचं हाड मोडलं, रॉड घातलाय. गुन्हा मात्र भावावरच दाखल झाला. ट्रॅक्टरमालक म्हणतो, दोन्ही घरांना दीड-दीड लाख देतो, एका कागदावर सही करा. दवाखान्यात भेटलेला एक जण तीस टक्क्यांवर केस लावून देतो म्हणतो. आणि गावातली जाणती मंडळी सांगतात, पोराला कोर्टात गुन्हा कबूल करायला सांगा, दंड भरून मोकळं व्हा. ताईंनी हे २० फेब्रुवारीला लिहिलंय आणि विचारलंय, यातलं काय करावं?

ताई, तुमचं पत्र वाचून मी आधी तारीख मोजली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत लागू आहे. त्याआधी बरीच वर्षं मुदतच नव्हती, त्यामुळे "अपघाताच्या केसला काय घाई, वर्षभरानं लावली तरी चालते" हे अजूनही चावडीवर ऐकू येतं. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्याच्या भरवशावर एक दिवसही थांबू नका. तुमच्या हातात जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा वेळ आहे. मी तुमच्या जागी असते तर एप्रिलमध्येच अर्ज दाखल केला असता. अर्ज कऱ्हाडलाच करता येतो, कारण अपघातही तालुक्यातला आणि राहणंही तिथलंच.

आता गुन्हा कबूल करण्याबद्दल. माझं सगळ्यात जास्त म्हणणं यावरच आहे.

तुमच्या भावासमोर दोन कोर्टं आहेत. एक फौजदारी, तिथे तो आरोपी. दुसरं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, तिथे तो जखमी अर्जदार. लोकांना वाटतं ही दोन वेगळी दुकानं आहेत, एकातला हिशोब दुसऱ्यात जात नाही. प्रत्यक्षात विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा फौजदारी केसच्याच नकला काढतो. वीसेक वर्षांपूर्वी वाई भागातला एक टेम्पो ड्रायव्हर माझ्याकडे आला, एक पाय गुडघ्याखाली कापलेला. माझ्याकडे येण्याआधी त्यानं कोणाच्या तरी सल्ल्यानं मॅजिस्ट्रेटसमोर गुन्हा कबूल करून दंड भरला होता. समोरची गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडलेली होती, हे त्याच्या बाजूचे साक्षीदार सांगायला तयार होते. पण त्याच्याच सहीचा कबुलीजबाब विमा कंपनीनं न्यायाधिकरणात ठेवला आणि त्याचा दावा तिथेच बसला. तो माणूस मला आजही आठवतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या भेटीतच सांगते: झालेलं नसेल ते कबूल करायचं नाही, आणि झालेलं असेल तरी पुढचा सगळा परिणाम समजून घेतल्याशिवाय करायचं नाही.

आता तर शिक्षाही वाढली आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे ३०४-अ, याला जास्तीत जास्त दोन वर्षं होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम १०६(१) झालं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. "दंड भरून मोकळं" होण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय शिक्षेची नोंद नोकरीत आणि पासपोर्टच्या वेळी आडवी येते. २९ वर्षांच्या पोराला पुढची तीस वर्षं काम करायचंय.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रात कुठे दिसली नाही, म्हणून सांगते. भावानं "सगळी चूक माझीच" असं कबूल केलं, तर नुकसान त्याच्या मित्राच्या बायकोचंही होऊ शकतं. मागे बसलेल्या माणसाची काही चूक नसते. दोन वाहनांच्या चुकीनं तो गेला असेल तर त्याचे वारस पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकतात, सर्वोच्च न्यायालयानं हे २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे ट्रॉली धोकादायक रीतीने उभी होती हे सिद्ध झालं, तर ट्रॅक्टरच्या विमा कंपनीकडून तिला पूर्ण रक्कम मागता येते. पण चूक फक्त मोटारसायकलवाल्याची ठरली, तर ती रक्कम मोटारसायकलच्या विम्यातून यायला हवी. आणि इथे मोठी मेख आहे. तुमच्या गाडीची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल, तर त्यात मागे बसलेल्याची जोखीम सहसा नसते. तसं झालं तर बिचारीच्या हातात तुमच्या भावाविरुद्धचा हुकूमनामा राहील आणि पैसे कुठूनच येणार नाहीत. दोन्ही घरं बुडतील. म्हणून आजच पॉलिसी काढून बघा, पॅकेज आहे की नुसती थर्ड पार्टी.

अटकेच्या भीतीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे घाबरण्यासारखं फारसं नाही. न्याय संहितेचं कलम १०६(१), २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणं) आणि १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) हे गुन्हे जामीनपात्र आहेत. जामीन हा भावाचा हक्क आहे आणि तो पोलीस ठाण्यातच मिळतो. अटकपूर्व जामिनासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका, या कलमांना त्याची गरजच नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहायची नोटीस, आली तर दिलेल्या तारखेला जायचं, टाळायचं नाही. पाय टेकवत नसेल तर डॉक्टरांचा दाखला जोडून लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, कायदाच तसं सांगतो. पोलिसांपुढची कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे दवाखान्यात अर्धवट शुद्धीत तो काय बोलला याची रात्रंदिवस काळजी करू नका. चित्र बदलेल ते एकाच कारणानं. त्यानं दारू घेतली होती असं रक्ताच्या अहवालात आलं आणि पोलिसांनी कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध लावला, तर तो गुन्हा अजामीनपात्र आहे आणि खटला सेशन कोर्टात जातो. भाऊ त्या रात्री प्यायला होता की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. इथे लिहूही नका. पण तुमच्या वकिलाला पहिल्याच दिवशी खरं सांगा. अशिलानं सांगितलेलं बाहेर न सांगण्याचं बंधन कायद्यानंच वकिलावर घातलंय, आणि खोट्याच्या पायावर बचाव उभा राहत नाही.

आता मुळाशी येऊ. उभ्या ट्रॉलीला मागून धडकला म्हणजे धडकणाऱ्याचीच चूक, असं पोलीस बहुतेक वेळा धरतात. डिसेंबरमध्ये गाळप ऐन भरात असतं. रात्री त्या रस्त्यानं गेलेल्या कोणालाही माहीत आहे की उसानं भरलेल्या ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला किंवा लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेला असतो, आणि पंक्चर झालं की चाकाखाली दोन दगड लावून ट्रॉली तिथेच सोडून ट्रॅक्टर निघून जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ वाहन धोकादायक स्थितीत सोडायला मनाई करतं. सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण करणं हा न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे. म्हणून घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल काढा आणि वकिलाबरोबर ओळ न ओळ वाचा. ट्रॉली रस्त्यावर किती फूट आत होती? मागचा दिवा, रिफ्लेक्टर, त्रिकोण, झाडाची फांदी, काही होतं का? रस्त्यावर उजेड होता का? ब्रेकच्या खुणा किती लांब? यातलं काहीच लिहिलेलं नसेल, तर तीच तुमची पहिली तक्रार. पोलीस निरीक्षकांना लेखी अर्ज द्या, प्रत पोलीस अधीक्षकांना साताऱ्याला पाठवा, पोच जपून ठेवा. दाद लागली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

ढाब्यांवरचं, पेट्रोल पंपावरचं चित्रण दोन महिन्यांनी राहिलेलं असण्याची आशा कमी आहे, तरी विचारा. अपघातानंतर जमलेल्या लोकांपैकी कोणीतरी मोबाइलवर फोटो काढलेच असतील. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेऊन थांबू नका. ज्या मोबाइलवर काढला तो मोबाइल आणि तो माणूस, दोन्ही कोर्टाच्या उपयोगाचे आहेत, कारण अशा पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक पेपरात फोटो आला असेल तर कात्रण ठेवा. कात्रण हा पुरावा नव्हे, पण फोटोग्राफर सापडतो. आरटीओच्या निरीक्षकानं दोन्ही वाहनांची तपासणी केलेली असते, तो अहवालही काढा. आणि ट्रॅक्टर व ट्रॉली दोन्हींचे नंबर आणि विम्याचे कागद मागा. पुष्कळदा ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा नसतो, आणि विमा कंपनी नेमका तोच मुद्दा काढून हात वर करू बघते. तुमच्या वकिलानं त्याची तयारी आधीच ठेवायला हवी.

एक धीराची गोष्ट. न्यायाधिकरणाला फौजदारी कोर्टासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. दोन्ही बाजू ताडून जे जास्त संभवनीय वाटतं त्यावर निर्णय होतो. गुन्हा भावावर दाखल आहे एवढ्यावरून त्याचा दावा फेटाळला जात नाही. मात्र त्यानं स्वतः पिंजऱ्यात उभं राहून साक्ष दिली पाहिजे. तो आलाच नाही तर समोर उरतं ते फक्त पोलिसांचं दोषारोपपत्र. आणि त्याचीही काही चूक ठरली, उदाहरणार्थ वेग जास्त होता, तर तेवढा टक्का कापून उरलेली भरपाई मिळते. सगळं किंवा काहीच नाही, असा तो हिशोब नसतो.

ट्रॅक्टरमालकाच्या दीड लाखाबद्दल बोलायचं तर आकडे मांडते, मग तुम्हीच ठरवा. मित्राची कमाई तुम्ही लिहिलेली नाही. समजा तो गवंडीकाम करून महिन्याला १५ हजार मिळवत होता आणि वय ३२ होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २१ हजार. अवलंबून चार माणसं, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, राहिले १५,७५०. वर्षाचे १ लाख ८९ हजार. ३१ ते ३५ वयाला २००९ च्या सरला वर्मा निकालातला गुणक १६. झाले ३० लाख २४ हजार. शिवाय बायको, मुलं, आई यांच्या सहवासाच्या हानीचे प्रत्येकी मूळ ४० हजार, अंत्यविधी आणि मालमत्ता हानीचे प्रत्येकी मूळ १५ हजार, या रकमांत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ, आणि वर व्याज. कोर्टात कमाईचा पुरावा कमी पडला तर आकडा खाली येईल, पण दीड लाखापर्यंत येणार नाही. चूक सिद्ध करायचीच नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ आहे, त्यात मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत. त्या वाटेनंही दीड लाखापेक्षा जास्त मिळतं.

शिवाय तो मालक पैसे कशासाठी देतोय ते पाहा. त्याला कागद हवाय, बहुधा "ट्रॉलीला रिफ्लेक्टर होता, दिवा चालू होता" असा. शपथेवर खोटं लिहून देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो कागद न्यायाधिकरणात पहिल्याच तारखेला विमा कंपनीच्या हातात असेल. मृत्यूचा गुन्हा आपसांत मिटवता येत नाही, त्यामुळे फौजदारी केस त्या कागदानं संपणारही नाही. मालक अगदी मनापासून मदत करत असेल तर करू दे, सही करायची नाही.

भावाच्या दाव्यात सगळा भर पायावर राहील. अपंगत्वाचा दाखला उपचार पूर्ण झाल्यावर घ्या, घाईत नको. दाखल्यावर ३० टक्के आले म्हणजे कमाईचं नुकसानही ३० टक्केच, असं नाही. २०१० च्या राजकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की त्या अपंगत्वानं त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं. आठ तास मशीनसमोर उभं राहणाऱ्याच्या मोडलेल्या मांडीचा परिणाम टेबलावर बसणाऱ्यापेक्षा फार वेगळा असतो. म्हणून कंपनीकडून कामाचं स्वरूप लिहून घ्या, पगारपत्रकं आणि बिनपगारी रजांची नोंद घ्या. औषधांची मूळ बिलं ठेवा आणि आजच त्यांच्या झेरॉक्स काढा. मेडिकलच्या पातळ कागदावरची शाई वर्षभरात उडते आणि कोर्टात कोरी चिठोरी राहतात, हे मी फार वेळा पाहिलंय. रॉड काढायचं पुढचं ऑपरेशन किती खर्चाचं, तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. १०८ ची नोंद, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, सगळं एका पिशवीत.

तीस टक्केवाल्या माणसाला परत दारात उभं करू नका. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून केस घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे, दवाखान्यात जाऊन केस मिळवायलाही आहे. हे लोक कोऱ्या वकीलपत्रावर, कधी कोऱ्या चेकवर सही घेतात. कोणत्याही कोऱ्या कागदावर सही नको. फी टप्प्याटप्प्यानं ठरवा, पावती मागा, आणि भरपाई थेट अर्जदाराच्या बँक खात्यात जमा होईल असंच बघा. मित्राच्या बायकोकडे पैसे नसतील तर तिला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, कारण ती स्त्री आहे. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते. त्यांचं घर शेतकऱ्याचं असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात अनुदान योजनेत मृत्यूला २ लाख आहेत. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात आजच विचारा, त्याची मुदत फार छोटी असते.

लोकअदालतीत ठेवायची का, असं तुम्हाला पुढे कोणीतरी विचारेल. रक्कम हिशोबाच्या जवळ असेल तर जरूर ठेवा, पैसे लवकर मिळतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून आकडा वकिलाकडून समजून घेऊन मगच हो म्हणा. नेहमीच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून सातारा जिल्ह्याची ती अपिलं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. मुंबईच्या खेपा वाचल्या, आपल्या भागातल्या गरीब अर्जदारांसाठी ही फार मोठी सोय झाली आहे.

शेवटचं, मित्राच्या घराबद्दल. तुम्ही लिहिलंय की दोन्ही घरांचा एकच वकील करणार आहात, म्हणजे खर्च वाचेल. तसं करू नका. तिच्या अर्जात तुमचा भाऊ आणि त्याची विमा कंपनी सामनेवाले असणारच, एकच वकील दोघांचं हित सांभाळू शकत नाही. तिनं वेगळा वकील करावा आणि हे तिला तुम्हीच जाऊन सांगावं. एक दिवस भावाच्या नावानं न्यायाधिकरणाची नोटीस येईल, त्यात तिचं नाव अर्जदार म्हणून असेल. ती नोटीस भांडणाची नसते, तिला हक्काचे पैसे मागायला तोच रस्ता आहे. नोटीस आली की तिची प्रत आणि पॉलिसी तुमच्या विमा कंपनीला लेखी पाठवा, पोच घ्या, आणि दिलेल्या तारखेला वकिलामार्फत हजर व्हा. अपघाताची खबर तुमच्या विमा कंपनीला अजून दिली नसेल, तर त्या नोटिशीची वाट न बघता उद्याच द्या.